मोठ्या फुफींची पेटी : शिरूर ते दौंड

मोठ्या फुफींचा इन्तकाल शाबानमध्ये झाला. रमजान गेला, ईद झाली आणि एके दिवशी शिरूरहून चाचांचा फोन आला, "बेटा, तुम्ही दोघे भावंडे येऊन जा. सामान बघा, काय किमतीचे आहे ते लिहून द्या. वाटणी राहिली आहे."

आम्हांलाच का बोलावले, त्याचे कारण सरळ होते. आम्हांला यातले काही मिळणार नव्हते. फुफींना मूलबाळ नव्हते. फुफा बारा वर्षांपूर्वी गेले. मागे राहिले एक सख्खा भाऊ, म्हणजे शिरूरचे चाचा, आणि एक सख्खी बहीण, म्हणजे दौंडला राहणाऱ्या धाकट्या फुफी. आमचे अब्बा मोठ्या फुफींच्या आधीच अल्लाहला प्यारे झाले होते आणि सख्खा भाऊ हयात असताना भावाच्या मुलांपर्यंत हिस्सा पोहोचत नाही. कफन-दफन, कर्ज आणि असल्यास वसीयत यांतून उरेल त्यात दोन भाग भावाचे, एक बहिणीचा. मुफ्तीसाहेबांनी फोनवर हे सांगितले आणि वर म्हणाले, "ज्याचा हिस्सा नाही, त्याच्या हाती तराजू असलेला बरा."

फुफींचे सामान दोन ठिकाणी होते. दौंडचे घर आणि शिरूरच्या वाड्यातली एक लोखंडी पेटी. पेटी दादींची. दादींनी हयातीतच, चाचा आणि धाकट्या फुफी समोर बसलेले असताना, ती मोठ्या लेकीला देऊन टाकली होती. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जागा नव्हती म्हणून पेटी शिरूरला राहिली, किल्ली मात्र फुफींच्या कमरेला. त्यामुळे ती कोणाची, हा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की आत आहे काय आणि त्याची किंमत काय.

शनिवारी सकाळी पुण्याहून निघालो. नगर रस्ता आता रस्ता कमी आणि वाहनांची रांग जास्त. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांचे फाटक आणि मग शिरूर. जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. पुलापलीकडे नगर जिल्हा सुरू होतो. आज चटकन कोणाच्या लक्षात येत नाही, पण एके काळी इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावच्या लढाईला निघालेली फलटण शिरूरहूनच चालत गेली. पुढे पूना हॉर्स हे घोडदळ इथे असे. कर्नल वॉलेस नावाच्या एका अधिकाऱ्याची १८०९ ची कबर इथे आहे. त्याला गावकरी सत्पुरुष मानत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. छावणी म्हटली की साहेबांच्या सामानाचा लिलाव आलाच. म्हणून शिरूरच्या प्रत्येक जुन्या घरात एखादी तरी वस्तू 'कॅम्पातल्या साहेबाची' असते. आमच्या घरातही होती. ती निघाली मुंबईत बनलेली साधी आरामखुर्ची.

चाचांनी चहा पाजला आणि लगेच विषय काढला. "दादींचे माहेर परांड्याचे, निजामाच्या राज्यातले. तिकडचा माल आहे, लाखांत जाईल." शेजारच्या एकाने त्यांच्या डोक्यात याहून मोठे घालून ठेवले होते. पेटीतला तांब्याचा बधना तांदळाचे दाणे ओढतो का पाहा, ओढत असेल तर त्याला परदेशी कंपनी कोटी देते म्हणे. हा 'राईस पुलिंग'चा प्रकार महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत पोलिसांपर्यंत गेला आहे. भांड्यावर वीज पडली आहे, त्यात इरिडियम आहे, असे सांगतात. मग तपासणीसाठी म्हणून पैसे मागतात. भांडे तुमच्याकडेच राहते, पैसे जातात. आम्ही बधन्यापाशी मूठभर इंद्रायणी ठेवली. दाणे होते तिथेच राहिले. चाचा हसले, पण थोडे खट्टूही झाले.

पेटी उघडली. वर चादर, खाली भांडी. पितळेचे पानदान, आतल्या कुल्ह्यांपैकी दोन गायब. तांब्याच्या दोन देगच्या, कलई उडालेल्या. एक काळे ठिक्कर उगालदान. आणि एक मोठे, जड, तांब्याचे झाकण.

"हे झाकण कशाचे?"

चाचा गप्प झाले. मग आतून त्यांचा मुलगा आला आणि त्यानेच सांगितले. दादींचे लगन आणि पाणी तापवायचा बंब पेटीच्या शेजारी पोत्यात होते. मागच्या महिन्यात घराच्या पत्र्याचे काम निघाले तेव्हा त्याने दोन्ही मोडीत घातले. वीस किलो, साडेपाचशेच्या भावाने अकरा हजार. "पडूनच होते," तो म्हणाला. त्याच्या मनात पाप नव्हते. त्याला ते तांबे दिसले. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : लगन म्हणजे पसरट, जाड बुडाचे भांडे. लग्नाशी शब्दाचा संबंध नाही, पण बाहेर निघते ते लग्नातच.)

आम्ही झाकण दारात उन्हात नेले. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी उर्दूत कोरलेले होते. पूर्वी भांडी वाटपात, दावतीत इकडची तिकडे होत, म्हणून घराघरांत नाव घालून घेत. मशिदीतून जोहरची नमाज आटोपून इमामसाहेब चाचांबरोबर घरी आले. त्यांनी बोट फिरवत वाचले. दादींचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि सन १३५७.

आता १३५७ म्हणजे कोणते? हिजरी धरले तर १९३८. पण दादी निजामाच्या मुलखातल्या आणि तिकडे सरकारी कामात फसली सन चाले. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे १९४७. नऊ वर्षांचा फरक. याचा उलगडा पेटीच्या तळाशी असलेल्या कुरआन शरीफने केला. छापील प्रत, शिळाछापाची, पाने पिवळी. शेवटच्या कोऱ्या पानावर दादांच्या हातचे मुलांचे जन्म लिहिलेले. पहिलीच ओळ मोठ्या फुफींची, सन १३६० हिजरी. म्हणजे १९४१. लेक १९४१ ची असेल तर आईच्या जहेजचे भांडे १९४७ चे असूच शकत नाही. तेव्हा १३५७ हिजरीच. दादींच्या निकाहाचे साल आमच्या घरात आजपर्यंत कोणालाच माहीत नव्हते.

मोडीच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, माल आठवड्याला पुण्याला जातो, इथे ठोकून चपटा करतो, मगच गाडीत बसतो. लगन केव्हाच गेले होते. आम्ही त्याला विचारले, नाव घातलेली भांडी येतात का? त्याने एका ढिगाकडे हात केला. "सगळ्यांवर नावे असतात." मराठीत, उर्दूत, कुठे गुजरातीत, नावे आणि साले. भाव सगळ्यांना एकच.

परत आल्यावर उरलेल्या वस्तू एकेक हातात घेतल्या. उगालदान चाचा लोखंडी समजत. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. गळ्यापाशी मळाखाली बारीक करड्या रेषा होत्या, बोटाला न लागणाऱ्या, म्हणजे रंगवलेल्या नव्हे तर धातूत बसवलेल्या. आम्हांला बिदरीचा संशय आला. बिदरी काम म्हणजे भरपूर जस्त आणि थोडे तांबे ओतून केलेले भांडे. त्यात चांदीची तार ठोकतात आणि बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने ते काळे करतात. ती माती जस्ताला काळे करते, चांदी पांढरी राहते. चाचींनी उत्साहाने पितांबरी आणि चिंच आणली होती. आम्ही हात धरला. बिदरीचा काळेपणा घासून गेला की वस्तू गेली. जुने काही सापडले तर निदान ओळख पटेपर्यंत घासू नका, कलई करू नका, झाळ लावू नका. धूळ कोरड्या फडक्याने पुसा, बस्स.

बटव्यात चांदीचे सात रुपये होते. राणीछाप एक, बाकी राजाचे. आपला जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. पण १९४० पासून युद्धामुळे सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. आमच्या सातांत दोन १९४३ चे निघाले, म्हणजे सराफ त्यांना अर्धाच भाव देणार. चाचांना एका वेगळ्याच रुपयाची आशा होती. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. त्यावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती इतका बारीक होता की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांनी तो घ्यायला नकार दिला. सरकारने रुपया मागे घेतला, बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड नीट काढून नवा रुपया पाडला. म्हणून १९११ च्या रुपयाला आज नाणी जमवणारे चांगली किंमत देतात. आमच्या बटव्यातला रुपया १९१२ चा. दादांनी १९११ चा घरात ठेवला असता असे वाटत नाही.

कुरआनच्या गिलाफात दहाच्या तीन नोटा होत्या, प्रत्येकीचा नंबर ७८६ ने संपणारा. चाचींचा भाचा म्हणे, मोबाईलवर अशा नोटेला पाच लाख देतात. हौशी माणूस अशा नोटेला थोडे जास्त देतो, हे खरे. लाखांच्या जाहिराती मात्र फसवणुकीच्या. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले.

दुपारनंतर दौंडकडे निघालो. न्हावरे, मग इनामगाव, काष्टी, दौंड. दोन्ही बाजूंना ऊस. इनामगावपाशी आम्ही गाडी मुद्दाम थांबवली. गाव लहान, पण जुन्या भांड्याकुंड्यांची किंमत कशी करतात हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रात याच्याएवढी जागा थोडी. घोड नदीच्या काठच्या पांढरीत १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी, या तिघांच्या नावावर त्याचा मोठा अहवाल १९८८ साली निघाला. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. सोन्याच्या राशी निघाल्या नाहीत. निघाली खापरे, रांजण, चुली, धान्याची पेवे, जळके दाणे. त्यावरून कळले की लोक काय खात होते, कालवा काढून पाणी कसे वळवत होते आणि पाऊस कमी झाल्यावर चौकोनी घरे सोडून गोल झोपड्यांत कसे आले. लहान मुले गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोडीच्या दुकानात या सगळ्याचे एक रुपयासुद्धा आले नसते.

तिथल्या जोर्वे पद्धतीच्या भांड्यांत तोटीचे एक लाल भांडे असते, काळ्या नक्षीचे. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आम्ही ते पूर्वी पाहिले होते. वजूच्या बधन्याची आठवण तेव्हाही झाली होती. आता मागच्या सीटवर खरा बधना चादरीत गुंडाळलेला होता. नदीकाठी आज पाहण्यासारखे फार काही नाही. शेते आहेत, वारा आहे. काठावर खापराचे तुकडे दिसले, ते तिथेच ठेवले. असे तुकडे उचलू नयेत. ते कुठे पडले होते हेच त्यांचे मोल असते.

शनिवार म्हणजे काष्टीचा बैलबाजार. तिथे एक तास अडकलो. व्यापारी बैलाचे दात मोजत होते, खांदा दाबत होते, चालवून पाहत होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दिवसभर आमचेही तेच चालले होते.

दौंडला पोहोचलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. दौंड रेल्वेचे गाव. पुण्याकडून सोलापूरला जाणारी वाट, १८७८ साली सुरू झालेली मनमाडची वाट, बारामतीचा फाटा. मनमाडकडच्या गाड्यांना इथे इंजिन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यावे लागे, त्यामुळे अर्धा तास गाडी उभी आणि फलाटावर चहावाल्यांची चंगळ. आता कॉर्ड लाईन झाली आणि कित्येक गाड्या गावाला वळसा घालून जातात. फुफा वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले.

धाकट्या फुफींना लगनचे आम्हीच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. झाकण मांडीवर घेऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला विचारले असते तर अकरा हजार मीच दिले असते." मग, "माझा हिस्सा होता ना त्यात?" होता. सूरह निसामध्ये वारसा थोडा असो की जास्त, बाईचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. आपल्या घरांत जमिनीच्या वेळी निदान चर्चा तरी होते. भांड्यांच्या वेळी कोणी विचारतही नाही, आणि बाईच्या हयातीत तिच्या हाताखालून गेलेले असते ते तेवढेच.

दौंडच्या घरात सिंगरची शिलाई मशीन होती. कुवैतला असलेल्या एका नातलगाचा निरोप आधीच येऊन पोहोचला होता : विकू नका, जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो. ही अफवा २००९ साली सौदी अरबमध्ये उठली होती. लोकांनी एकेका मशीनला लाखांत पैसे मोजले आणि शेवटी सरकारला सांगावे लागले की हे खोटे आहे. आमच्या मशीनच्या पाट्यावरचा नंबर कंपनीच्या यादीशी ताडून पाहिला. मशीन १९५० च्या दशकातली. चालते. दौंडचा मेकॅनिक साडेतीन हजार म्हणाला. या मशीनवर फुफींनी अख्ख्या रेल्वे कॉलनीचे सलवार-कुर्ते शिवले.

चिनी मातीच्या सहा बशा निघाल्या. उलट्या करून शिक्के पाहिले. चार इंग्लंडच्या, दोघींवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. हा शिक्का म्हणजे पक्की तारीख : दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाची, १९५२ च्या आतली. किंमत मात्र बेताचीच.

खरा पेच खुंटीवर टांगला होता. फुफांचा हातदिवा, तांबड्या-हिरव्या काचांचा. झाकणावर जी. आय. पी. ही अक्षरे. त्या कंपनीचे नाव १९५१ साली गेले आणि मध्य रेल्वे आली, म्हणजे दिवा त्याआधीचा. हौशी लोक अशा दिव्यांना शोधत असतात. आम्ही आकडा लिहायला घेतला आणि शंका आली. हा दिवा फुफांचा, की रेल्वेचा? शेजारचे निवृत्त गार्ड म्हणाले, जुने सामान भंगारात निघे, लिलावात माणसे विकत घेत. तसेच घेतले असेल. असेल. पावती नव्हती.

रात्री मुफ्तीसाहेबांना फोन केला. दिव्याचे ऐकून त्यांनी उलट विचारले, "फुफांचा तरका वाटला होता का?"

कोणालाच आठवेना. फुफा गेले, फुफी त्याच घरात राहिल्या, कोणी काही मागितले नाही, विषय संपला. पण मूल नसलेल्या नवऱ्याच्या मालात बायकोचा चौथा हिस्सा. बाकी तीन भाग फुफांच्या मनमाडच्या भावाचे, आणि ते हयात आहेत. म्हणजे दिवा, खिशातले वेस्ट एंडचे घड्याळ, सागवानी कपाट, हे सारे आम्ही फुफींच्या यादीत लिहून बसलो होतो ते चूक होते. यादी फाडली, दुसरी केली. सकाळी मनमाडला फोन लावला. म्हातारे चाचा कानाने कमी ऐकतात. तीनदा सांगितल्यावर समजले. म्हणाले, "भाईजानचे घड्याळ पाठवा. बाकी मी माफ केले. दिव्याचे तुम्ही बघा." दिवा रेल्वेकडे कळवून मगच काय ते ठरवायचे, असे ठरले. मुंबईला सी.एस.एम.टी.च्या इमारतीत रेल्वेचे वारसा दालन आहे, तिथे विचारणार आहोत.

पुण्याला परतल्यावर दोन कामे केली. उगालदान जुन्या वस्तूंतल्या एका जाणकाराला दाखवले. बिदरीच, पण काठ तुटका आणि अर्धी चांदी निघालेली. त्याने पाच हजार सांगितले. हे ऐकून ना उडी मारावी ना रडावे. त्याने वर सांगितले, शंभर वर्षांच्या आतली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येत नाही, शंभराच्या वर गेली तर देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखिताला हीच मर्यादा ७५ वर्षांची. घरात असे काही असेल तर गल्फच्या बॅगेत टाकण्याआधी ध्यानात घ्यावे.

दुसरे, केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, पानदाने, दौती, दारे जमवली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले. काचेपलीकडे आमच्या पानदानासारखी पानदाने होती. त्यांच्या कुल्ह्या शाबूत होत्या.

सगळ्याची बेरीज, मोडीत गेलेल्या अकरा हजारांसह, त्रेसष्ट हजार झाली. दोन भाग बेचाळीस, एक भाग एकवीस. मोडीचे अकरा चाचांनी आपल्या हिश्शात धरून घेतले. मुलाला त्यांनी आमच्यासमोर काही म्हटले नाही. चांदीचे रुपये त्यांनी घेतले. धाकट्या फुफींनी शिलाई मशीन, बशा आणि बधना घेतला. कुरआन शरीफची किंमत कोणी लावली नाही. ते शिरूरलाच राहिले, शेवटच्या पानावर चाचांनी मोठ्या फुफींच्या इन्तकालाची तारीख लिहिली.

झाकणाचे वजन दोन किलो भरले होते. मोडीच्या भावाने अकराशे. फुफी म्हणाल्या, माझ्या हिश्शात लिहा. आम्ही निघताना त्यांनी एका कागदावर झाकणाचा घेर दोऱ्याने मोजून काढून दिला. पुण्यात तांबट आळीत एवढ्या मापाचे लगन कोणी हाताने ठोकून देईल का, ते विचारून यायला सांगितले आहे.